कँडी, कंदी आणि खंडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात राजवाड्याच्या जवळ माझा इंग्रजीचा क्लास आहे, छोटाच, दोन बाकं जास्त टाकली की चपला काढायला जागा उरत नाही. संध्याकाळी दहावीची पोरं असतात, सकाळी गृहिणींची बॅच आणि रविवारी स्पर्धा परीक्षावाले. तिन्ही बॅचला मी आठवड्याला एकच शब्द देते. ह्या वेळी दिला कँडी, वाटलं सोपाय, दोन दिवसांत संपेल, पण पंधरा दिवस झाले तरी प्रश्न संपेनात, शेवटी सगळे एकत्र लिहून काढले. तेच ते परत परत सांगून घसा बसलाय माझा.

मॅडम, एका शब्दाला अख्खा आठवडा? स्टँडवर पन्नास रुपयांच्या पुस्तकात हजारो शब्द मिळतात की.

मिळतात, आणि पाठपण होतात. सोमवारी पाठ, गुरुवारी सपाट. माणूस कसा लक्षात राहतो, नाव सांगितलं म्हणून नाही राहत, कुठल्या गावचा, कुणाचा पाव्हणा, काय काम करतो, कुणाशी त्याचं पटत नाही हे कळलं की राहतो. शब्दाचं तसंच आहे. अर्थ म्हणजे नुसतं नाव झालं, मूळ म्हणजे गाव आणि वापर म्हणजे त्याचं कामधंदा. तिन्ही कळले की मग विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही.

बरं, कँडी म्हणजे चॉकलेट ना?

नाही! आणि ही चूक आपल्याकडं घरोघरी आहे. आपण किराणा दुकानात बरणीतल्या संत्र्याच्या गोळीलापण चॉकलेट म्हणतो, लिमलेटला पण चॉकलेट, खोबऱ्याच्या वडीला कागद गुंडाळला की तीपण चॉकलेट. इंग्रजीत चॉकलेट म्हणायला त्यात कोको पाहिजे. कँडी हा मोठा शब्द आहे, साखर हा ज्याचा जीव आहे अशा गोळ्या, वड्या, टॉफ्या सगळं त्यात येतं, आणि अमेरिकेत चॉकलेटच्या वडीलापण कँडी बार म्हणतात. म्हणजे चॉकलेट कँडीत बसतं, पण प्रत्येक कँडी काय चॉकलेट नसते.

मग इंग्लंडात कँडी म्हटलं तर चालतं का? माझा भाचा तिकडं शिकायला गेलाय.

कळेल सगळ्यांना, पण ते स्वतः स्वीट्स म्हणतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला लॉलीज म्हणतात. म्हणजे तीन देशांत तीच गोळी, नावं तीन. ब्रिटनमध्ये कँडी म्हटलं की फार करून नुसत्या साखरेच्या पाकाची कडक गोळी डोळ्यांसमोर येते. भाच्याला सांगा स्वीट्स म्हण, आणि तिथं जेवणानंतरच्या गोड पदार्थालापण स्वीट म्हणतात त्यामुळं गोंधळायचं नाही.

उच्चार कसा करायचा? कँडी, कॅन्डी, कंडी, काहीही लिहितात.

आपण लिहिताना कँडी असं लिहितो आणि मग वाचताना नाकातून काढतो, ते नको. न् पूर्ण म्हणायचा, कॅन्-डी. स्पेलिंग सी, ए, एन, डी, वाय. अजून एक बारीक गोष्ट, त्यांचा ड आपल्या डब्यातल्या ड सारखा नसतो, जीभ वर टाळूकडं वळत नाही, वरच्या दातांच्या मागं हिरडीला टेकून सुटते. पण आपल्या कानाला तो ड च ऐकू येतो. हे आत्ता उगीच सांगतेय असं वाटेल, पण ध्यानात ठेवा, पुढं पेढ्याच्या भांडणात ह्याच ड वर सगळा निकाल लागणारे.

शब्द आला कुठून? अमेरिकेतून का?

आपल्याकडून गेला! संस्कृतातला खंड. खंड म्हणजे तुकडा, भूखंड अखंड खंडन ह्यातला तोच. उसाचा रस आटवून आटवून घट्ट करायचा आणि त्याचे तुकडे पाडायचे, म्हणून त्या साखरेलाच खंड म्हणायला लागले. हिंदीत अजून खांड म्हणतात, आणि आपल्याकडं खांडसरी म्हणतात ती साखर त्याच घरातली. काही लोक हा शब्द अजून मागं द्राविडी भाषांपर्यंत नेतात, ते असो, म्हणजे फार तर पुण्याऐवजी मद्रासला जायचं, देश तोच.

तिथून तो इराणात गेला. फारसीत ख चा क झाला, आणि तो पण साधा क नाही, घशातून काढायचा. ड त्यांच्याकडं नाहीच, म्हणून त्याचा द झाला. खंड चा झाला कंद. इराणात आजपण साखरेच्या खड्याला कंद म्हणतात आणि चहा पिताना तो खडा दातात धरून वरून चहाचा घोट घेतात. मग अरबांनी घेतला, अरबीत कंदी म्हणजे साखरेचं, साखर घातलेलं. अरबांनी ऊस आणि साखर इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत नेली, तिथून युरोपात. जुन्या फ्रेंचमध्ये सुक्र कांदी झालं, आणि मध्ययुगात इंग्लंडात ते पोचलं तेव्हा शुगर कँडी असा जोडशब्द होता. त्याचा अर्थ खडीसाखर. नंतर लोकांनी पुढचा शुगर टाकून दिला, नुसती कँडी राहिली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला अमेरिकेत तिचा अर्थ पसरून सगळ्याच गोळ्यांना ते नाव लागलं.

गंमत बघा, त्या काळी युरोपात साखर औषधवाल्याकडं मिळायची, किराण्यात नाही. खोकल्याला खडीसाखर द्यायचे. आमच्या सासूबाई आजपण खोकला आला की आधी खडीसाखरच काढतात, डॉक्टर नंतर.

म्हणजे त्यांना साखर माहीतच नव्हती का आधी?

गोडासाठी मध होता. सिकंदराबरोबर आलेला त्याचा आरमारप्रमुख निआर्कस, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, त्यानं हिंदुस्थानात असे बोरू बघितल्याचं सांगितलं की ज्यातून मधमाशा नसताना मध निघतो. ऊस हो, दुसरं काय. आणि इसवी सन ६४७ मध्ये चीनच्या सम्राटानं साखर कशी करतात ते शिकायला माणसं पाठवली होती, मगधला. आता तुमच्या शेंद्र्याच्या कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉलीतून ऊस ओढणाऱ्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणेल मॅडम ते राहू दे, कांडं घ्या.

मॅडम, आपला कंदी पेढा आन ही कँडी येकच का ओ? इंग्रजांनी कँडी म्हटलं म्हणून कंदी झालं म्हणत्यात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, साताऱ्यात येणारच. गोष्ट अशी सांगतात की इंग्रज साहेब इथं आले, त्यांना पेढा आवडला, ते त्याला कँडी कँडी म्हणायला लागले आणि आपल्या लोकांच्या तोंडात त्याचं कंदी झालं. मी स्वतः ही गोष्ट वर्गात सात-आठ वर्षं सांगितली, अगदी साहेबाची नक्कल करून, पोरं हसायची, मला बरं वाटायचं.

मागल्या वर्षी नववीतली एक मुलगी उठली, एरवी तोंडातून शब्द काढत नाही, आणि म्हणाली, मॅडम मग द कुठून आला? इंग्रजांचं डॉक्टर आपण दॉक्तर नाही म्हणत.

मी गप्पच झाले. खरं होतं ना तिचं. इंग्रजीचा डी आपल्या कानाला ड ऐकू येतो, म्हणून डॉक्टर, डझन, डिसेंबर, ड्रायव्हर, कंडक्टर, बंडल, गार्ड, बँड, सगळीकडं ड. साहेबाच्या तोंडून कँडी ऐकून शब्द घेतला असता तर तो कंडी पेढा किंवा कॅंडी पेढा झाला असता. पोर्तुगीजांचा डी दातातला असतो, त्यामुळं त्यांच्याकडून आलेल्या शब्दात द येतो, पाद्री बघा, बालदी बघा. आणि फारसीतून आलेल्या शब्दात तर द ठरलेलाच. कंदी मध्ये द आहे.

बरं फारसी कंद आपल्याकडं नवा आहे का? गुलकंद रोज खाता की पानातून! गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर. कलाकंद पण त्यातलाच. आणि सातारा ही छत्रपतींची राजधानी, शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ सालचा, संस्थान इंग्रजांनी खालसा केलं ते १८४८ ला. मधल्या सगळ्या काळात इथल्या दरबारी भाषेत फारसी शब्दांची काय कमी होती का, पेशवा हाच मुळात फारसी शब्द, फडणीस, मुलूख, जहागीर, किती सांगू. म्हणजे साहेबाची वाट बघत बसायची गरजच नव्हती, कंद घरातच होता.

तर माझं मत असं, आणि हे माझं मत आहे, पेढेवाल्या कुणाला दुखवायचं नाही, की कंदी पेढा आणि इंग्रजी कँडी ह्या मायलेकी नाहीत, मावसबहिणी आहेत. दोघींची आजी एक, खंड. एक बहीण इराणातून परत माहेरी आली तिचा द राहिला, दुसरी अरबस्तान, इटली, फ्रान्स फिरत लंडनला गेली, तिचा परत ड झाला. खंड मधला ड सुटला आणि कँडीत परत मिळाला, फक्त तोपर्यंत आपण त्याला ओळखेनासे झालो होतो.

साहेबाची नक्कल मी आता करत नाही. म्हणजे करते, पण ही गोष्ट खोटी आहे असं आधी सांगून करते.

पण अर्दली? तो तर इंग्रजी ऑर्डर्ली, मग त्यात द कसा?

हे रविवारच्या बॅचमधल्या एकानं शोधून आणलं, तीन दिवस तोच विचार करत असणार. बरोबर आहे, अर्दलीत द आहे. अपवाद आहेत. छावणीतनं, शिपायांच्या तोंडातनं, हिंदुस्थानीतनं फिरून आलेले काही शब्द असे घासले गेलेत. म्हणून मी नियम म्हणत नाही, खूण म्हणते. शंभरातले बहुतेक एका बाजूला आणि दोन-चार दुसऱ्या बाजूला असले तर पैज कुठं लावायची ते तुम्ही ठरवा. आणि गुलकंदाचा पुरावा वेगळाच आहे, तो अर्दलीनं हलत नाही.

कंदी पेढ्यात तर साखर कमी असते, मग साखरेचं नाव कशाला?

बरोबर पकडलंत. साताऱ्याच्या पेढ्याची ओळख खवा, जाड दुधाचा, आणि तो परत तुपावर तांबूस होईस्तोवर भाजलेला, त्यामुळं तो खरपूस लागतो आणि टिकतोही. आमच्या ओळखीच्या पेढेवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, ताई साखर नसली तर त्याला खवा म्हणतात, साखर पडली की पेढा. नावाला तेवढं पुरतं. घावनात घाव नसतो, आपण काही म्हणतो का.

कंदमुळं, रताळ्याचा कंद, समरकंद, ताश्कंद, हे सगळे पण साखरेचेच का?

नाही नाही, इथंच पाय घसरतो. जमिनीतला कंद हा वेगळा संस्कृत शब्द, गाठ किंवा गड्डा. त्याचा खंडाशी संबंध लावू नका, रताळं गोड असलं तरी. समरकंद ताश्कंद मधला कंद म्हणजे मध्य आशियातला गाव, नगर अशा अर्थाचा शब्द. श्रीलंकेत कँडी नावाचं शहर आहे ते पण निराळं, सिंहली भाषेत कंद म्हणजे डोंगर, त्यावरून. आवाज सारखा आला की नातं जोडायचं म्हणजे आडनाव पाटील दिसलं की भाऊबंद म्हणण्यासारखं आहे.

मग कँडल, कँडिडेट, कँडिड हे तरी?

हे तिघे एकमेकांचे भाऊ, पण कँडीचे कुणीच नाहीत. लॅटिनमध्ये कांदेरे म्हणजे चकाकणं, कांदिदुस म्हणजे पांढराशुभ्र. चकाकते ती कँडल. मन पांढरं, आडपडदा नाही तो कँडिड, सरळ बोलणारा. आणि रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूनं पांढराफेक केलेला झगा घालून लोकांत हिंडायचा, म्हणून तो कँडिडेट. दोन हजार वर्षं झाली, कडक पांढऱ्या कपड्यांचं काय सुटलं नाही. हा शब्द मात्र तुम्ही ह्या जन्मात विसरणार नाही बघा, पुढच्या निवडणुकीत कोपऱ्यावर बॅनर लागला की आठवेल.

शुगर आणि जॅगरी ह्यांचं मूळ पण आपलंच म्हणतात, खरं का?

खरं. दोन्ही शर्करेतून. शर्करा म्हणजे मुळात वाळू, बारीक खडे. आपण खडीसाखर म्हणतो ना, आणि रस्त्यावर टाकतात ती पण खडी, तोच विचार. शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, मग लॅटिन, फ्रेंच आणि शेवटी शुगर. जॅगरी दुसऱ्या वाटेनं गेली, दक्षिणेतल्या भाषांतल्या शर्करेच्या रूपावरून पोर्तुगीजांनी जागरा केलं आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी जॅगरी. म्हणजे एकच शर्करा, उत्तरेच्या दारानं गेली ती साखर होऊन आणि गोव्याच्या, केरळच्या बंदरातनं गेली ती गूळ होऊन. ग्रीकमधलं रूप होतं सक्खारोन, त्यावरून १८७९ ला शोधलेल्या कृत्रिम गोडीला सॅकरीन नाव दिलं.

वडील कापसाचा व्यापार करायचे, त्यांच्या हिशोबात कँडी असायचं. ते काय?

अरे वा, हा प्रश्न आला तेव्हा मला इतका आनंद झाला की त्या ताईंना त्या दिवशीचा चहा माझ्याकडून. इंग्रजीत दुसरीपण एक कँडी आहे, वजनाची, आणि ती म्हणजे आपली खंडी! वीस मणाची खंडी. आमचे आजोबा भात खंडीतच मोजायचे, आणि आपण अजून म्हणतो की त्याच्याकडं खंडीभर पुस्तकं आहेत. कंपनीच्या साहेबांनी हिशोबात खंडीचं स्पेलिंग कँडी असं केलं. युल आणि बर्नेल ह्यांच्या १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशात ही कँडी आहे, मराठी-तेलुगू खंडीवरून आली असं सांगून, वजन साधारण ५०० पौंड पण गावोगाव वेगळं असं लिहिलंय. खंडी पण खंड वरूनच, तोडणं, भाग पाडणं. म्हणजे गोळीची कँडी आणि वजनाची कँडी दोन्ही फिरून एकाच उंबऱ्याशी येतात.

कापसाच्या बाजारात ही अजून जिवंत आहे. तिथली कँडी ७८४ पौंडांची, म्हणजे जवळजवळ ३५६ किलो, आणि पेपरात गाठींचा भाव इतके रुपये पर कँडी असाच छापून येतो. कमोडिटी बाजारात त्या सौद्याला कॉटन कँडी म्हणतात. आता पुढचा प्रश्न येणारच.

कॉटन कँडी म्हणजे जत्रेतले म्हातारीचे केस ना?

हो, ते पण. गुलाबी, तोंडात घातले की गायब. त्यात कापूस नाही, खंडी नाही, नुसती साखर वितळवून फिरत्या भांड्याच्या भोकांतून उडवतात, बाहेर येताच तिचे धागे होतात. हे यंत्र १८९७ ला अमेरिकेत टेनेसीमध्ये काढलं, दोघांनी मिळून, एक मिठाईवाला आणि दुसरा कोण तर दातांचा डॉक्टर! विल्यम मॉरिसन त्याचं नाव. गिऱ्हाईक तयार करायची ह्याहून चांगली पद्धत मी तरी ऐकली नाही. १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेत, म्हणजे वर्ल्ड फेअरला, ते फेअरी फ्लॉस म्हणून विकलं, ऑस्ट्रेलियात अजून तेच नाव आहे. इंग्लंडात कँडीफ्लॉस. फ्लॉस म्हणजे मऊ धागा, दातात घालतात तोच.

मराठीत विरामचिन्हं आणणारे मेजर कँडी, त्यांचा ह्या शब्दाशी संबंध?

आडनाव आहे ते, एवढंच. पण नाव निघालं तर सांगते, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारून वाढवलेला १८५७ चा, त्या कामात थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू होते, आणि १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडींनी पुरा केला. स्वल्पविराम, पूर्णविराम मराठीत रुळवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. माझी ही वाक्यं बघून त्यांना फार समाधान वाटलं असतं असं नाही.

कँडी क्रियापद म्हणून वापरता येतं का?

येतं, आणि फार जुनं आहे, सोळाव्या शतकापासून. टु कँडी म्हणजे साखरेच्या पाकात मुरवून टिकवणं. त्यावरून कँडीड, म्हणजे पाकवलेलं. आपण घरी आवळा कँडी करतो ती ह्याच अर्थाची आहे, आवळे वाफवायचे, साखरेत घालून ठेवायचे, साखरेचं पाणी आत शिरलं की काढून वाळवायचे. इंग्रजीत पक्कं बोलायचं तर कँडीड आवळा. केकमधली लाल-हिरवी टुटीफ्रुटी म्हणजे कँडीड कच्ची पपई, आग्र्याचा पेठा म्हणजे कँडीड कोहळा. का टिकतं? साखर इतकी दाट होते की जंतूंना प्यायला पाणी उरत नाही, मीठ घातलेल्या लोणच्याचं जे शास्त्र तेच. सकाळच्या बॅचला हे सांगायची गरज पडली नाही, उलट त्यांनी मला शिकवलं की आवळ्याला टोचे मारायचे नाहीत, वाफवून पाकळ्या सोडवायच्या.

एकतारी पाक, गोळीबंद पाक ह्याला इंग्रजीत काय?

बघा, हे कुठल्या स्पोकन इंग्लिशच्या पुस्तकात मिळणार नाही. आपण बोटांत धरून तार बघतो, त्याला ते थ्रेड स्टेज म्हणतात, धागाच. साधारण ११० अंशांच्या आसपास येतो. पाण्यात टाकून मऊ गोळी झाली तर सॉफ्ट बॉल, आपला गोळीबंद, ११२ ते ११६ अंश. टाकल्यावर कट्कन तुटली तर हार्ड क्रॅक, १५० अंशांच्या आसपास, कडक गोळ्या, लॉलीपॉप तिथं होतात. त्यांच्याकडं कँडी थर्मामीटर मिळतो, आपल्याकडं आई असते.

चिक्की, गाठी, संक्रांतीचा हलवा, ह्यांना कँडी म्हणू का?

गाठी तर शंभर टक्के, गुढीला आपण चक्क कँडीची माळ घालतो, अ स्ट्रिंग ऑफ शुगर कँडी. काटेरी हलवा म्हणजे तिळावर साखरेचा लेप, त्याला जुन्या इंग्रजीत कॉम्फिट म्हणत, आता शुगर कोटेड सेसमी म्हटलं की कळतं. चिक्कीला पीनट ब्रिटल, ब्रिटल म्हणजे ठिसूळ, कडाकड मोडणारं. पाचगणी-महाबळेश्वरला मिळतात त्या फळांच्या मऊ वड्यांना जेली किंवा गमी. आणि पेढ्याला? पेढा. उगीच मिल्क फज वगैरे सांगू नका, पिझ्झ्याला आपण काही म्हणालो का कधी.

एका दुकानाच्या पाटीवर स्वीटमीट लिहिलंय. आम्ही शाकाहारी, चालेल का?

बिनधास्त घ्या. जुन्या इंग्रजीत मीट म्हणजे कुठलंही अन्न. मांस हा अर्थ नंतर आवळत आवळत आला. स्वीटमीट म्हणजे गोड खाणं, मिठाई. इंग्रजांनी तो शब्द इथं वापरला, ते गेले, पाटी राहिली. आजच्या बोलण्यात तो वापरू नका, म्हातारा वाटतो.

ह्याच्यावरच्या म्हणी सांगा ना, परीक्षेला येतात.

लाइक टेकिंग कँडी फ्रॉम अ बेबी, बाळाच्या हातातली गोळी काढून घेण्याइतकं सोपं, म्हणजे डाव्या हातचा मळ. लाइक अ किड इन अ कँडी स्टोर, आनंदानं काय बघू अन् काय नको झालेला माणूस, आमच्या मिस्टरांना अवजारांच्या दुकानात सोडलं की असं होतं. आय कँडी म्हणजे बघायला छान, आत फार काही नाही, सिनेमातल्या सेटबद्दल म्हणा, गाडीबद्दल म्हणा, पण माणसाबद्दल, त्यातून ऑफिसातल्या बाईबद्दल अजिबात म्हणू नका. कौतुक नाही ते, अपमान आहे. एकानं इंटरव्ह्यूच्या सरावात वापरलं होतं, मी तिथंच थांबवलं.

अ कँडी बरोबर की सम कँडी? आमच्या वह्या तपासून द्या.

दोन्ही चालतं, जागा बघून. ढिगाबद्दल बोलताना मोजायचं नाही, शी लाइक्स कँडी, सम कँडी. एक गोळी म्हणायची तर अ पीस ऑफ कँडी सगळ्यात सेफ. प्रकार वेगवेगळे असले की कँडीज, स्पेलिंगमधला वाय काढून आय ई एस लावायचा, नुसता एस लावला तर एक मार्क गेला.

वह्यांतली वाक्यं बघितली. "आय ॲम कँडी लव्हर" मध्ये अ राहिलाय. "माय ग्रँडमदर कँडीड द आवळाज" एकदम बरोबर, ह्या पोरीला पेढा माझ्याकडून. आणि तो शेवटच्या बाकावरचा, ज्यानं जत्रेतली गंमत लिहिताना "आय एट टू कँडीज ऑफ कॉटन" असं लिहिलंय, बाळा, व्याकरण ठीक आहे, पण तू ७११ किलो कापूस खाल्लास.